तळव्याखाली

१

सोमीबाईच्या घरात शिरायचं तर पायरीशी चपला काढायच्या, हा त्या घराचा नियम होता आणि दीपमालानं तो पहिल्या दिवसापासून पाळला. रोज सकाळी ती ओट्यावर बसून कोरा चहा घ्यायची, सोमीबाईशी इकडचं तिकडचं बोलायची आणि मग अनवाणीच मागच्या खोलीत जायची. खोली लहानशी. कुडाच्या भिंती, एका बाजूला भाताच्या कणग्या, पाठीमागच्या भिंतीला एक लाकडी झडप, ती बहुतेक वेळ लावलेलीच. जमीन शेणानं सारवलेली, गार, सारवणाऱ्या हाताचे अर्धगोल जागोजाग उमटलेले. कोपऱ्यात एक लोखंडी झाकण. झाकणाखाली जमिनीत पुरलेली एक नळी, आणि त्या नळीत दीपमालाचा सगळा जीव.

नळी म्हणजे जमिनीचा कल मोजणारं यंत्र. नवापूरच्या डोंगरातलं हे मोहपाडी गाव ज्या काळ्या कातळावर बसलं होतं, त्या कातळात खूप खोलवर एक कंपनी कार्बन डायऑक्साइड भरत होती. पलीकडच्या गुजरातेतल्या कारखान्यांतून टँकर यायचे, गावाबाहेरच्या पंपघरात तो वायू पाण्यात मिसळला जायचा आणि दाबानं खाली ढकलला जायचा. तिथं वर्षं गेली की त्याचा दगड होणार, हवेत जायचं ते पोटात गडप होणार, असा सगळा बेत. पण कातळात काही भरलं की वरची जमीन फुगते. डोळ्याला दिसणार नाही इतकी, पण फुगते. कुठे किती फुगेल याचं गणित मांडणं हे दीपमालाचं काम होतं. तिचं मॉडेल म्हणत होतं, की फुगवट्याचा माथा नेमका सोमीबाईच्या घराखाली येईल. म्हणून नळी त्या खोलीत.

यंत्र भलतंच नाजूक. कोणी खोलीत आलं तरी त्याच्या वजनानं जमीन त्याच्या बाजूला किंचित दबायची आणि ते यंत्राला कळायचं. त्यामुळे दीपमालाची रोजची फेरी संगणकावरच्या रेषेत एका खाली वळलेल्या दातासारखी उमटायची. तांदळातून खडा काढावा तशी ती तो दात काढून टाकायची आणि पुढच्या कामाला लागायची. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

२

डिसेंबर लागला आणि उपग्रहाचं नवीन चित्र आलं.

दीपमाला तेव्हा शाळेच्या पडक्या वर्गात, कंपनीनं ऑफिस म्हणून घेतलेल्या जागेत बसली होती. तिनं चित्र उघडलं. वरून पाहिलेलं मोहपाडी, आणि त्यावर जमीन जिथं उठली तिथं रंगांची वलयं, पाण्यात दगड टाकावा तशी. शेजारी तिनं आपल्या मॉडेलची वलयं ठेवली. मग एकावर एक ठेवली. वलयावर वलय बसलं.

ती खुर्चीतून उठली ती थेट धावतच पंपघराकडे सुटली. ओढणी बाभळीत अडकली, ती तिनं तशीच ओढून घेतली. पंपघराच्या दारात योहान ग्रीसचे हात पुसत उभा होता. सोमीबाईचा थोरला, पंपाची सगळी जबाबदारी त्याच्यावर.

"जमनं! योहानभाऊ, जमनं!" ती ओरडली. आनंद झाला की तिची जीभ घरच्या अहिराणीवर जायची.

"काय जमलं, मॅडम?"

"जमीन उठली! मी सांगितलं तिथं, मी सांगितलं तेवढी!"

योहान हसला. "म्हणजे आमची आई आता उंचावर राहते."

संध्याकाळी तिनं ब्राह्मणपुरीला आईला फोन लावला. धनुबाईला पपईच्या बागेपलीकडचं फारसं काही कळायचं नाही, पण लेकीचा आवाज कळायचा.

"जेवनी का तू?" आईनं आधी तेच विचारलं.

"माय, मन्हं काम जमनं! मन्ही जमीन उठनी!"

"जमीन उठनी?" धनुबाईनं विचारलं. "कोन्ही उठाडी वं तिले?"

दीपमाला खूप वेळ हसत राहिली. पुण्याहून भूपेंद्र सरांचा फोन आला तेव्हाही ती हसतच होती. सर या प्रकल्पाचे प्रमुख. ते तिच्याहून जास्त खुशीत होते. "दीपमाला, जिंकलीस! आता पाहुणे बोलावतो. नाताळाच्या आधी मंडप घालू, गावाला जेवण देऊ, आणि मोठ्या पडद्यावर तुझी जमीन उठताना दाखवू."

३

पाहुण्यांना दाखवायची म्हणून तिनं सोमीबाईच्या खोलीतली रेषा पहिल्यापासून काढली आणि रोजचे दात एकेक करून साफ करायला घेतले. हे काम ती इतकी सवयीनं करायची की डोळे भलतीकडे असले तरी बोटं चालायची. बोटं थांबली तेव्हा तिनं पाहिलं.

दात वर वळलेला होता.

खाली नाही, वर. ती खोलीत गेली होती, आणि ती जिथं उभी राहिली तिथं जमीन दबण्याऐवजी उठली होती. आदल्या दिवशीचा दात पाहिला. तोही वर. त्याच्या आदल्या दिवशीचा धड खाली नाही, धड वर नाही, बोथट. त्यामागचे सगळे नेहमीसारखे खाली.

तिनं लॅपटॉप मिटला, पुन्हा उघडला. वायर उलटी लागली असणार. पण वायर उलटी लागली तर सगळीच रेषा उलटी व्हायला हवी, आणि रेषा तर सुतासारखी सरळ तिच्या मॉडेलप्रमाणे चढत होती. यंत्र बिघडलं असेल. पण बिघडलेलं यंत्र फक्त ती आल्यावरच कसं बिघडतं?

खरं तर तिला भीती वाटायला हवी होती. वाटली ती हाव. शाळेत असताना विज्ञानाच्या बाईंनी भिंगाखाली पहिल्यांदा कांद्याची साल दाखवली होती, तेव्हा जे वाटलं होतं तेच आता वाटलं. इथं काहीतरी आहे, आणि ते अजून कोणी पाहिलेलं नाही.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं योहानला बोलावून घेतलं. तो पंपावरून तसाच आला आणि घाईत बुटांसकट आत शिरला. ओट्यावरून सोमीबाईनं आपल्या बोलीत त्याला असं झापलं की दीपमालाला निम्मंच कळलं तरी हसू आलं.

"यंत्राजवळ उभे राहा, भाऊ. हलू नका."

योहान उभा राहिला. लॅपटॉपवर रेषा खाली वळली. दात खाली. अगदी शहाण्यासारखा.

"ठीक आहे की," तो म्हणाला.

"आता मी." ती पुढे झाली. तिचे पाय सारवणावर टेकले आणि रेषा वर गेली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ती मोठ्यानं हसली. "बघा, मला वजनच नाही! उणे वजन आहे माझं!"

"बूट," योहान म्हणाला. तो तिच्या पायांकडे पाहत होता. "तुम्ही अनवाणी आहात, मॅडम. मी नाही."

त्यानं ओट्यावर जाऊन बूट काढले, मोजे काढले आणि परत आला. एक पाऊल टेकलं, दुसरं टेकलं. रेषा वर गेली. योहाननं रेषेकडे पाहिलंच नाही. तो मान वाकडी करून काहीतरी ऐकत असल्यासारखा उभा होता, पण तो ऐकत नव्हता.

"काय झालं?"

"तळव्याला मधे खळगा असतो ना, मॅडम. तो जमिनीला लागत नाही."

"मग?"

"लागतोय."

तो झटकन मागे झाला आणि ओट्यावर जाऊन बूट घालू लागला. दीपमाला मात्र त्याच जागी जाऊन उभी राहिली. आजवर कधी लक्ष दिलं नव्हतं, म्हणून कळलं नव्हतं. आता लक्ष दिलं. टाच गार जमिनीवर, बोटं गार जमिनीवर. आणि मधे, जिथं एरवी हवा असते, तिथं जमीन हळूहळू येऊन टेकली. गच्च नाही. कोणीतरी तळवा अलगद हातात घ्यावा तशी.

५

सारवण मऊ असतं, थंडीत ओल धरतं, पायाच्या उबेनं फुगत असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. मग तेच खोटं पाडायला आणखी दोन यंत्रं मागवून खोलीत बसवली. तीन बाजूंनी मोजलं की फुगवटा कुठे आहे, केवढा आहे, हे तिचं मॉडेल उलट्या दिशेनं सांगू शकत होतं. डोंगराएवढ्या फुगवट्यासाठी लिहिलेलं गणित तिनं वीतभर जागेसाठी चालवलं.

उत्तर आलं, दोन लांबट ठिपके. एक डावा, एक उजवा. टाचेशी निमुळते, मधे भरीव, पुढे रुंद होत गेलेले.

तिनं ते चित्र कितीतरी वेळ पाहिलं. तिच्या तळव्यांखाली, तिच्या तळव्यांना तळवे लावून, खालून काहीतरी उभं होतं.

तिनं भूपेंद्र सरांना चित्र पाठवलं. "माणूस चालला की असा गोंधळ येतोच," सर म्हणाले. "काढून टाक. पाहुण्यांना स्वच्छ रेषा दाखव."

तिनं काढलं नाही. उलट मोबाइल कणगीवर उभा करून ती आपल्या पायांचं चित्रण करू लागली, आणि ते चित्रण रेषेशी जुळवून पाहू लागली. डावा पाय उचलला, की खालचा डावा ठिपका विरायचा. उजव्यावर भार दिला, की उजवा ठळक व्हायचा. पहिल्या दिवशी खालचं जरा मागून यायचं, चुकत माकत, नाच शिकणाऱ्या माणसासारखं. दुसऱ्या दिवशी बरोबर. तिला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"भाऊ, दाब थोडा वाढवा," तिनं योहानला फोन केला. "परवानगी आहे तेवढाच."

"कशाला, मॅडम?"

"बघायचंय मला."

योहाननं दाब वाढवला. जमिनीतून पंपाची घरघर जरा जड झाली. ती खोलीच्या मधोमध उभी होती. छातीत इतकं धडधडत होतं की यंत्र तेही पकडेल की काय, असं वाटलं. तिनं ठरवलं होतं, मनात दहा म्हणायचं आणि डावा पाय उचलायचा. आठवर असतानाच पाय उचलला गेला.

नंतर तिनं चित्रण पाहिलं, रेषा पाहिली. पुन्हा पुन्हा पाहिली. आधी खालचा ठिपका हलला होता. तिचा पाय नंतर.

इतके दिवस ती खालच्याचं गणित मांडत होती. तेवढ्यात खालच्यानं तिचं मांडून टाकलं होतं. या विचारानं अंगावर काटा आला, आणि त्या काट्यासकट ती भराभर पुढची नोंद घ्यायला बसली.

६

नाताळ जवळ आला तसं सोमीबाईनं घर आवरायला काढलं. भिंतींना चुना झाला, ओटा झाला, आणि एका दुपारी तिनं मागची खोली सारवली. तिची लेक लिडिया नवऱ्याला, मुलांना आणि सासूला घेऊन सुरतेहून यायची होती. "त्या सगळ्यांची अंथरुणं तिथंच," सोमीबाई दीपमालाला म्हणाली. "खाली निजतात बिचारे गोळा होऊन. तुझ्या नळीला काही होत नाही ना, पोरी?"

पाठ टेकवून, गाल टेकवून, हातपाय पसरून त्या जमिनीवर निजलेली माणसं दीपमालाच्या डोळ्यांसमोर आली. तळवा केवढासा. आणि पाठ?

सोमीबाई नवापूरच्या बाजाराला गेली. सारवण वाळायचं म्हणून खोलीचं दार लोटलेलं होतं. दीपमाला डोंगरावरून आली होती, पायांत जाड बूट होते, म्हणून ती ओट्याखाली अंगणातच लॅपटॉप उघडून बसली. रेषा पाहिली. खोलीत कोणी नव्हतं, आणि रेषेत दात उमटत होते. एक. मग एक. डावा, उजवा. भिंतीकडून दाराकडे.

ती उठली. नियम विसरून, बुटांसकट घरात गेली आणि तिनं दार ढकललं.

उजेडाची एक पट्टी आत पडली. सारवण ओलं, हिरवट, चकचकीत होतं. त्यावर सोमीबाईच्या हाताचे अर्धगोल ओळीनं उठले होते. आणि त्या अर्धगोलांना मोडत पावलं होती. चिखलात माणूस चालला की पाऊल खाली रुततं. ही पावलं वर आली होती. टाच उमटून वर आलेली, चवडा वर आलेला, बोटं एकेक वाटाण्यासारखी वर आलेली. तिच्या डोळ्यांदेखत पुढचं पाऊल आलं. आधी टाचेचा गोल फुगला, मग चवडा, मग करंगळीपासून अंगठ्यापर्यंत बोटं. ओलं शेण ताणून चिरलं. आवाज अगदी बारीक, पापड मोडल्यासारखा.

उंबऱ्याशी येऊन ती जोडी थांबली. अंगठे तिच्याकडे.

दीपमालाला वाटत होतं की आपण दार धरून उभ्या आहोत. मग लक्षात आलं, की आपण खाली बसलोय. आपली बोटं बुटाच्या नाडीशी आहेत, एक गाठ सुटलीसुद्धा, आणि आपण हसतोय. जत्रेत पाळण्यात बसायला निघालेल्या पोरीसारख्या.

तिनं हात मागे घेतले आणि योहानला फोन लावला. "पंप बंद करा. आत्ता. आणि इकडे या."

घरघर थांबली. योहान धावतच आला. तो घराला वळसा घालून मागच्या बाजूनं गेला आणि उजेड यावा म्हणून त्यानं बाहेरून झडप ओढली. दुपारचं ऊन खोलीभर पसरलं.

उंबऱ्याशी होती ती एकच जोडी नव्हती. दाराच्या पट्टीत तेवढी दिसत होती, इतकंच. कणग्यांपासून भिंतींपर्यंत सगळी जमीन पावलांनी भरली होती. टाचेला टाच, अंगठ्याला अंगठा, गर्दीत उभी राहिल्यासारखी. मोठी होती, काही अगदी लहान होती. सगळी दाराकडे तोंड करून.

झडपेपलीकडून योहानचा आवाज आला. तो कसलीशी प्रार्थना म्हणत होता, पण त्याला शब्द सापडत नव्हते. पावलं मात्र हळूहळू बसू लागली होती. दाब उतरला तसा फुगवटा उतरला, मॉडेल म्हणत होतं तसाच. थोड्या वेळानं जमीन सपाट झाली आणि मागे उरल्या त्या भेगा.

सोमीबाई बाजारातून आली आणि तिनं भेगा पाहिल्या. "कोण नाचलं इथं ओल्यात?" ती करवादली. बडबडत तिनं शेण कालवलं आणि खोली पुन्हा सारवली.

७

"मॅडम, खाली काय आहे?" योहाननं विचारलं. दोघं पंपघरासमोरच्या मोहाच्या झाडाखाली उभे होते.

"दाब आहे, भाऊ."

"दाब मी रोज बघतो. दाबाला बोटं नसतात."

खालचे वर येत होते, की आपणच त्यांना खालून वर ढकलत होतो, हे तिलाही कळत नव्हतं. तो म्हणाला, लिडियाचं बिऱ्हाड तो दुसऱ्या घरी उतरवेल, आईला काहीतरी सांगेल. पंप मात्र आता सुरू करायचा नाही. तिनं मान हलवली. तिला ते मनापासून पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी भूपेंद्र सरांचा फोन आला. पंप का बंद, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं, पण ते चिडले नव्हते. "पाहुण्यांसमोर पडद्यावर जमीन उठताना दिसायला हवी, दीपमाला. तासभर पंप चालला तरी पुरे. पण जमिनीबाबत शेवटचा शब्द तुझा. तू धोका आहे म्हणालीस, तर आत्ता रद्द करतो. एक शब्द बोल."

तो एक शब्द तिच्या ओठांवर होता. तिनं तो रात्रभर घोकला होता. आणि त्याच वेळी तिच्या डाव्या तळव्याला आठवण झाली, ती अलगद टेकणारी जमीन. अजून कोणी पाहिलेलं नाही. आपण पुरतं कुठे पाहिलं?

"चालू करू, सर," ती म्हणाली. "कमी दाबावर. काही होत नाही."

योहानला पटवायला वेळ लागला. मंडप घरापासून लांब, शाळेपलीकडच्या खळ्यावर घालू, ती म्हणाली. मॉडेलप्रमाणे फुगवटा तिथपर्यंत पोचतच नाही. हवं तर मोजून दाखवते. "तुम्ही सांगता म्हणून," तो शेवटी म्हणाला.

आदल्या संध्याकाळी तिनं खळ्याच्या तीन कडांना तीन यंत्रं पुरली. जिथं काही पोचणार नाही तिथं यंत्रं कशाला, हा प्रश्न तिनं स्वतःला विचारला नाही. काम करताना ती गुणगुणत होती.

८

खळं चोपून सारवलेलं होतं. वर पांढरा मंडप, खाली पातळ जाजम, कडेला चपला-बुटांचा ढीग. नंदुरबारहून अधिकारी आले होते, पुण्याहून भूपेंद्र सर आले होते, आणि सगळं मोहपाडी आलं होतं. पहिल्या रांगेत नवं लुगडं नेसून सोमीबाई, तिच्या शेजारी लिडिया मांडीवरच्या मुलाला थोपटत. दीपमालाचं टेबल जाजमाच्या बाहेर होतं. तिच्या पायांत बूट होते, नाड्या दुहेरी गाठीनं बांधलेल्या.

भाषणं झाली. योहाननं पंपघरातून पंप सुरू केल्याचं फोनवर सांगितलं. मोठ्या पडद्यावर रंगाची पहिली वलयं उमटली आणि टाळ्या पडल्या. भूपेंद्र सरांनी वळून तिला अंगठा दाखवला. इतका आनंद तिला आयुष्यात झाला नव्हता.

मग गावच्या चर्चचे पाळक पौलस प्रार्थनेला उठले. "आपण सगळे उभे राहू या," ते म्हणाले. मंडपातले सगळे उठले. हिंदू होते त्यांनीही हात जोडले. सगळ्यांनी डोळे मिटले.

मोठ्यांत डोळे उघडे होते ते एकट्या दीपमालाचे. ती लॅपटॉपकडे पाहत होती. खळ्याची रेषा सपाट होती. मग एक दात आला, वर. मग दुसरा. मग ती रेषाच राहिली नाही, दातांचं कुंपण झालं.

तिनं नजर जाजमावर नेली. एका जाड अधिकाऱ्यानं डोळे मिटूनच पायाची बोटं आवळली, सैल सोडली. मागच्या रांगेत एका म्हाताऱ्यानं तळवा तळव्यावर घासला. लिडियानं मुलाला खाली उभं केलं होतं. त्यानं आपल्या पायांकडे पाहिलं आणि ते खुदकन हसलं. सोमीबाई किंचित दचकली आणि तिच्याही चेहऱ्यावर हसू आलं, गुदगुल्या झाल्यासारखं.

फोन थरथरला. "मॅडम," योहानचा आवाज दबका होता, "काटा वर चाललाय. मी काही केलेलं नाही. बंद करू का?"

ती हो म्हणणार होती. तोंड उघडलेलं होतं. तेवढ्यात रेषेशेजारच्या चित्रात नवा ठिपका उमटला. एक नाही, शंभर, सगळे एकाच बाजूला, सगळे डावे. आणि ते विरले. खालच्यांनी पाय उचलला होता. वरचे अजून उभे होते. आता काय होणार हे मंडपात फक्त तिला ठाऊक होतं.

"मॅडम? बंद करू?"

"थांबा," ती म्हणाली. "एकच मिनिट, भाऊ. एकच."

पौलसांचा आवाज संथपणे चालू होता. कोणी डोळे उघडले नव्हते. अधिकाऱ्यांचा, पोरासोरांचा, भूपेंद्र सरांचा, जाजमावरचा प्रत्येक डावा पाय एकदम वर उचलला गेला. सगळ्यांत पुढे सोमीबाईचा.